बोरन्हाणात पालथ्या पडणाऱ्या मॅडम

आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमइतकी जमिनीवर पालथी पडलेली सुशिक्षित बाई अख्ख्या मावळात सापडणार नाही. बाळ दिसलं की साडीचा विचार न करता त्या त्याच्यासमोर आडव्या होतात. बाळ मान कशी धरतं, हातांवर अंग कसं रेटतं, हे म्हणे उभं राहून कळत नाही. आम्हा विद्यार्थ्यांना अरे-तुरे, बाळांना मात्र अहो-जाहो. तळेगावच्या एसटीत एकदा त्यांनी शेजारच्या बाळासमोर मुद्दाम बांगडी टाकली. कंडक्टरने ती उचलून दिली, तर त्याच्यावरच रागावल्या, "तुम्ही कशाला शोधलीत? यांना शोधू द्यायची होती."

संक्रांतीनंतर त्या कुणाच्याही बोरन्हाणाला जातात, आमंत्रण असो वा नसो. डोक्यावरून बोरं, चुरमुरे पडले की बाळ आपणहून हात पुढे करतं. त्यांच्या मते याहून चांगली तपासणी दवाखान्यातही होत नाही. मी आंदर मावळातला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. माझ्या ताईच्या दहा महिन्यांच्या परीचं बोरन्हाण आमच्याकडे ठरलं, तेव्हा भीतभीतच मी मॅडमना बोलावलं. हलव्याचे दागिने घालून परी पाटावर बसली. बोरं पडली तशी ती डाव्या हाताने उचलू लागली. उजवीकडच्या बोरासाठीही अंग वळवून डावाच हात नेला. उजवी मूठ मिटलेलीच. आई कौतुकाने म्हणाली, "डावरी हाय आमची. आज्यावर गेलीया."

मॅडमनी पालथ्या पडूनच परीचा डावा हात हळूच धरला आणि उजवीकडे बोर सरकवलं. परी धडपडली, मग रडली. मॅडम उठून बसल्या. एवढ्या लहान वयात बाळ डावरं नसतं, दोन्ही हात सारखे चालायला हवेत, उजवी बाजू मागे पडतेय, उद्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ताईने परीला छातीशी धरलं.

"सणाच्या दिशी आसं बोलू न्हाई, बाई," आई म्हणाली.

"मी नाही बोलले, मावशी. यांनीच सांगितलं."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हापासून घरात रोज व्यायाम चालतो. परी आता चालते, पण उजवं पाऊल अजून थोडं ओढते. मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे लांब गेल्यात. तरी यंदाच्या बोरन्हाणाला आईने पाटासमोर एक सतरंजी अंथरली, कुणासाठी ते न बोलता. शेवटी मीच त्या सतरंजीवर पालथा पडलो. परीने उजव्या हातात एक बोर धरलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मला द्या ना."

मूठ लगेच उघडेना. आम्ही सगळे थांबून राहिलो.