बूट मगरीचेच

ही हकिगत मी विसरू शकत नाही, त्याचं पहिलं कारण माझाच गाढवपणा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकरोड भागातल्या एका ठाण्यात होतो. खबऱ्याने बातमी आणली, "साहेब, देवळालीच्या रस्त्याला एक बूटवाला आहे. मगरीच्या कातड्याचे बूट शिवतोय." दोन पंच आणि हवालदार घेऊन मी छापा घातला, तो शेजारच्या ढोलकीवाल्याकडे. टांगलेली कातडी पाहून दरडावलं, "ही कसली?"

"बकरीची, साहेब. वाजवून बघा."

पंच हसले. हवालदाराने तोंड फिरवून हसून घेतलं.

बूटवाला पलीकडच्या दारातून हे सगळं पाहत होता. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याचे आजोबा छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे घोडेस्वारीचे बूट शिवायचे. तीन पिढ्या तेच काम. पळायला त्याला भरपूर वेळ होता. त्याने आम्हाला आत बोलावून पाणी दिलं. बाकावर ते बूट होते. पोटरीपर्यंत उंच, तिरप्या टाचेचे, काउबॉय घालतात तसे, आणि वरून खाली खवलेच खवले.

"मगर?" मी विचारलं.

"होय साहेब. मगरच."

पहिल्याच प्रश्नाला कबूल होणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता. पंचनामा केला, मुद्देमालाला सील ठोकलं, त्याला ठाण्यात आणलं.

अर्ध्या तासात गिऱ्हाईक आपल्या पायांनी हजर. तोफखान्यातले निवृत्त सुभेदार, ऐंशीच्या घरातले. तरुणपणी छावणीतल्या पडद्यावर काउबॉय पाहिल्यापासून त्यांना तसे बूट हवे होते.

"कातडं माझं. वडिलांनी मारलेली मगर, कायदा यायच्या कितीतरी आधीची. ह्याने नुसतं शिवलं. मला आत घाला."

"सुभेदारसाहेब, तुम्ही मधे पडू नका," बूटवाला म्हणाला.

"गप रे! तू टाके घाल. बोलायचं मी बघतो."

कातडं जुनं असलं तरी नोंदीशिवाय बाळगणं गुन्हाच, आणि शिक्षा तुरुंगाची. आत कोणी जायचं यावर दोघांची जुंपली. मी त्यांना वेगवेगळं बसवलं आणि वनाधिकाऱ्याला बोलावलं. त्याने सील उघडून बुटांवर भिंग धरलं आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"साहेब, मगरीला केस नसतात. इथं केसांची छिद्रं आहेत. ही म्हैस आहे."

मी बूटवाल्याला एकट्याला समोर घेतलं. "खोटं का बोललात, बाबा?"

तो आपल्या अंगठ्याचे घट्टे खरवडू लागला. मग म्हणाला, "जुनं कातडं थंड पाण्यात भिजवायचं असतं, साहेब. घाईत मी गरम पाण्यात घातलं. पापडासारखं आखडलं. त्यांच्या वडलांची तेवढीच वस्तू राहिली होती हो. कसं सांगू? मग म्हशीचं चामडं घेतलं, ओलं करून हाडाच्या सळईने एकेक खवला दाबला. तीन महिने लागले."

"आणि आखडलेलं?"

"गोदावरीत सोडलं. पाण्यातलं जनावर, पाण्यात गेलं."

त्या पुराव्यासाठी मी नदीत उडी मारली नाही, हे इथे कबूल करतो.

"अहो, पण तुरुंगात गेला असता. बूटही जप्त झाले असते."

"झाले असते. पण मगरीचेच म्हणून झाले असते ना!"

वनाधिकाऱ्याचा अहवाल आणि दोघांचे जबाब घेऊन कागद रीतसर पुरे केले. मग सुभेदारांना आत बोलावलं. "पंचनाम्यात माझी चूक झाली. केस उभी राहत नाही. बूट घेऊन जा."

"चूक? वर्दी घालता आणि कागद करता येत नाहीत?" त्यांनी मला पाच मिनिटं झाडलं. मी सावधान उभा राहून ऐकलं. नंतर ते खुर्चीवर बसले. बूटवाल्याने खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले. सुभेदारांनी खवल्यांवरून सावकाश हात फिरवला, मग त्याच्या डोक्यावर ठेवला. "बापाची आठवण आली रे," एवढंच म्हणाले.

माणूस खोटं का बोलतो, याची माझ्याकडे पाठ केलेली यादी होती. भीती, लोभ, वैर. त्या दिवशी त्यात एकाची भर पडली, आणि त्याला कुठलं कलम लावायचं हे मला निवृत्तीपर्यंत सापडलं नाही.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. सुभेदारांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही, हे तर दोनदा सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आयुष्यभर सांभाळलेलं बापाचं कातडं. हाताला कळलं नसेल होय त्यांच्या?"