राखाडी शर्टवाले गृहस्थ

नववीत शाळा सुटली, तरी परभणीहून इतक्या लांब, सांगानेरच्या कापड-छपाई कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायचं काम मला मिळालं, हे उपकारच. पण पडद्यावरचा मोरपंखी रंग कापडावर शेवाळी उतरायला लागला. पुन्हा चुकलं तर परभणीचं तिकीट काढून देईन, असं शेठजींनी बजावलं.

म्हणून मी शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एका दुकानात मॉनिटरचे रंग जुळवणारं यंत्र घ्यायला गेलो. काउंटरमागच्या गृहस्थांचा शर्ट राखाडी, पँट राखाडी, मफलरसुद्धा राखाडी. बोलण्याआधी ते चष्मा पुसत आणि पुसून झाला की खिशात ठेवत. त्यांनी दोन खोकी काढली आणि महागडं कोपरानं हळूच मागे सरकवलं.

"सस्तावाला चलेगा ना जी? मतलब, नौकरी बचेगी ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे आईनं दिवाळीला पाठवलेल्या भगव्या शर्टाकडे, बराच वेळ पाहिलं. "भैया, रोज़ यही पहनके बैठते हो?"

"नहीं जी. दूसरा लाल है."

"मशीन स्क्रीन सुधारेगी, आपकी कमीज़ नहीं. स्क्रीन के काँच में तो आप ही चमक रहे हो."

त्यांनी स्वस्तातलंच यंत्र दिलं. घाबरलेल्या माणसाला महागडं सहज खपवता आलं असतं. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. परतताना मी एक राखाडी शर्ट घेतला.

पुढचा मोरपंखी कापडावर मोरपंखीच उतरला. शेठजींनी सगळ्यांसमोर यंत्राची पाठ थोपटली. मग माझ्या राखाडी शर्टाकडे पाहत मला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, गावाकडे कुणी वारलं का.