तळमजल्यावरची मुलगी

खेळ तिचा होता, हे आधीच सांगून टाकते.

ती माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी. उंब्रजपासून थोडं आत त्यांचं गाव. मामा फौजेत होता, त्यामुळे घरी ती आणि मामी दोघीच असायच्या. दर मे महिन्यात सांगलीहून आई आणि मी तिकडे जायचो. तेव्हा पेरणीच्या बियाण्यासाठी शेंगा फोडायचं काम चालू असे. पोत्यावर बसून दिवसभर शेंगा फोडल्या की अंगठा हुळहुळायचा. वेळ जावा म्हणून ती गोष्ट सांगायची आणि मी ऐकायचे.

तिच्या गोष्टीत एक आजारी राणी होती. ती पडल्या पडल्या पोथी वाचायची. पोथीत एक शिपाई होता. पहाऱ्यावर कंटाळला की तो सोबत्याला एका व्यापाऱ्याची गोष्ट रचून सांगायचा. त्या व्यापाऱ्याच्या स्वप्नात एक कोळीण यायची. राणीला शिपाई लटका वाटायचा, शिपायाला व्यापारी, व्यापाऱ्याला कोळीण. प्रत्येकाला वाटायचं, आपण तेवढे खरे. आम्ही त्यांना मजले म्हणायचो. कोण कितव्या मजल्यावर, याची यादी मी वहीत ठेवायचे.

यादीवरून आमचं जमायचं नाही. माझं म्हणणं, ज्याच्या खाली जास्त मजले तो वरचा, म्हणून राणी पहिली. ती म्हणायची, व्यापारी पहिला. कारण कोळीण स्वप्नातली आहे हे कळूनही तो जागा झाल्यावर तिला शोधत नदीवर जातो. राणीने पोथी मिटली की तिच्या लेखी शिपाई संपला. मला वाटायचं, हिला नियमच समजलेला नाही. मी राणीलाच पहिला नंबर द्यायचे. वही माझ्याकडे होती.

आठवीत असताना शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी ते सगळं इंग्रजीत लिहून दिलं. शिपाई आणि व्यापारी ठेवले. राणीच्याही वर एक मजला चढवला आणि तिथे टेबलाशी बसून लिहिणारी एक मुलगी बसवली. ती मी. तळमजल्यावर कोळीण नको वाटली, म्हणून तिथे शेंगा फोडणारी खेड्यातली मुलगी घातली. तिच्या सोबतीला एक शेळी होती. सांगाल ते तिला खरं वाटायचं आणि आपल्याला कुणी लिहितंय याचा तिला पत्ता नव्हता. टीचरनी नेमका तोच भाग वर्गात वाचून दाखवला. मुली हसल्या आणि वळून माझ्याकडे पाहू लागल्या. वर्गात मी कधी तोंड उघडत नसे. तसं माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी पाहत होतं. मला ते फार आवडलं. मामाच्या घरी इंग्रजी कोण वाचणार, असंही तेव्हा मनात येऊन गेलं होतं.

पुढच्या मे महिन्यात आईने तो अंक साड्यांच्या घडीत घालून माहेरी नेला. मला ठाऊक नव्हतं. मामा सुट्टीवर आला होता. चहा झाला आणि आईने अंक बाहेर काढला.

मामा म्हणाला, इंग्रजीतच वाच, मग मराठीत सांग. मी खाली मान घालून वाचू लागले. एकेक परिच्छेद झाला की अर्थ सांगायचे. राणीपर्यंत आले तसं शेंगांचा आवाज थांबला. ती ऐकत होती. आपली गोष्ट ओळखून तिचा चेहरा उजळला होता, तोही मी पाहिला. शेवटचा परिच्छेद इंग्रजीत भराभरा वाचून टाकला आणि म्हणाले, "सगळ्यात खाली एक म्हातारा असतो. तो शेळ्या राखतो."

"त्यो शेवट परत सांग की," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला म्हातारा मेंढ्या राखत होता. मामा म्हणाला, "आगं, मगाशी शेळ्या म्हणालीस."

"शेळ्याच हायत तात्या," ती वडिलांना म्हणाली. "वाचून वाचून दमली ती. बरूबर सांगतीया." मग मामीच्या हातातलं सूप घेऊन ती पाखडत बसली. मामाने मला जवळ ओढून पाठ थोपटली.

संध्याकाळी परसात ती भांडी घासत होती आणि मी विसळत होते. मग राख घेता घेता म्हणाली, "गर्ल म्हंजी मुलगी. आमालाबी पाचवीपास्नं इंग्रजी हाय."

माझ्या हातात तांब्या होता. तो मी पुन्हा विसळायला घेतला.

"तळाला मला बसवलंस व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आन वर कोन?"

"मी."

ती रागावेल असं वाटलं होतं. मला ते सोपं गेलं असतं. तिने हात धुतले, अंक आणायला लावला आणि म्हणाली, जसं लिहिलंय तसं सांग, एक शब्द सोडू नको. मी चुलीसाठी रचलेल्या लाकडांवर बसून सगळं सांगितलं. सांगाल ते तिला खरं वाटतं, हेही सांगितलं. ती मधे एकदाच बोलली.

"शेळी कवा हुती गं आमच्यात? म्हस न्हाई दिसली व्हय तुला?"

शेळी मी एका इंग्रजी धड्यातून उचलली होती. सात उन्हाळे मी त्या म्हशीचं दूध प्यायले होते.

संपल्यावर ती म्हणाली, "लिवलंयस झ्याक. फुडचं आता तुझं तू लिव." आणि भांड्यांची पाटी कमरेवर घेऊन आत गेली. त्यानंतरचे चार दिवस आम्ही शेंगा फोडल्या. ती माझ्याशी नीट बोलत होती. पाणी दे, सरक, ऊन आलं, असं सगळं. गोष्ट मात्र सांगितली नाही आणि मीही मागितली नाही.

निघताना मामाने आईकडून अंक मागून घेतला. पलटणीत दाखवायचा होता. त्यात गोष्टीखाली एकटं माझं नाव होतं. तेव्हा सांगता आलं असतं. ती दारात उभी होती, मामा समोर होता, एक वाक्य पुरलं असतं. मी चपलेचा पट्टा लावत बसले.

एसटीत आईने विचारलं, एवढी गप्प का, भांडलात का दोघी. मी म्हणाले, गाडी लागतेय. आईने मला खिडकीपाशी बसवलं आणि पर्समधली आवळासुपारी काढून दिली. मी ती तोंडात टाकली आणि कराड येईपर्यंत आजारी असल्यासारखे डोळे मिटून बसले.