थांबा, अजून हालतंय
परवा कपाट आवरताना लाल रंग पार उडालेली एक चुंबकपट्टी हाती लागली आणि बोटांना लागलेल्या लोखंडाच्या वासासरशी सिन्नरजवळची, मी शिकवायचे ती शाळा आठवली. तपासणीला आलेल्या साहेबांनी तेव्हाही रंग उडालेली हीच पट्टी उचलून, वर्गात कधीच तोंड न उघडणाऱ्या एका मुलीला विचारलं होतं, "यातला उत्तर ध्रुव कोणता?" तिने पट्टीला मधोमध दोरा बांधला आणि खिडकीच्या गजांपासून लांब जाऊन ती लोंबती धरली. बाहेर साहेबांची जीप चालूच होती. "उत्तर दे लवकर! येत नाही का?" असं तिला म्हणत ते माझ्याकडे बघायला लागले. ती मात्र पट्टीवरची नजर न काढता म्हणाली, "थांबा सर, अजून हालतंय." आणि साहेब चक्क थांबले! पट्टी स्थिरावली तसं तिने खिडकीबाहेरच्या देवळाकडे बोट केलं. "आपला मारुती दक्षिणेकडं तोंड करून हाय. त्याच्या पाठीकडं वळलंय ना, ते टोक उत्तर." माझी मान अशी काही ताठ झाली, की विचारू नका. आता मी निवृत्त आहे, पण कुणी घाईने उत्तर मागितलं, की तिच्याच तोऱ्यात सांगते, "थांबा, अजून हालतंय."