दवंडीमावशींची मिठाची गुळणी

बंदराकडून वर चढणाऱ्या रस्त्यावर बॅगा आणि छत्र्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळं गाव दवंडीमावशी म्हणे, आणि ते काही उगाच नव्हे. मावशींच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यात दुष्टपणा मात्र औषधालाही नव्हता. दुसऱ्याची आनंदाची बातमी त्यांना स्वतःच्या बातमीइतकीच प्रिय असे, आणि आनंद शिळा होऊ द्यायचा नाही असा त्यांचा बाणा होता. बेकरीवाल्याने बायकोसाठी गुपचूप पर्स घेतली, तर भाजीबाजारात मावशींनी तिला गाठून विचारलं, "आतला कप्पा पुरतो ना गं?" पर्स अजून बेकरीत पिठाच्या डब्यामागे लपवलेली होती.

त्या वर्षी सुट्ट्या तोंडावर आल्या तरी रस्त्यावर सामसूम होती. एकमेकांना भेटवस्तू द्यायचे दिवस, पण गाव सगळं फोनवरून मागवत होतं. रस्त्याच्या टोकाला लाकडी खेळण्यांचं दुकान होतं. तिथे तर दिवसदिवस कुणी फिरकत नसे. खेळणीवाले भाऊ एकटेच, बायको जाऊन चार वर्षं झालेली, बोलणं मोजकं. दुकान रिकामं असलं की ते यंत्रावर भोवरे कातत बसत, आणि भोवऱ्यांनी आता दोन कपाटं भरली होती. मावशींचा जीव त्या दुकानासाठी तुटायचा. तीस वर्षं त्या सकाळी शटर उचलताना पलीकडच्या शटरचा आवाज ऐकत आल्या होत्या.

मग मावशींनीच पुढाकार घेऊन हार्डवेअरवाल्याच्या मागच्या खोलीत दुकानदारांची बैठक भरवली. 'सुट्टीची खरेदी गावातच' असा फलक रंगवून घेतला. पाच दुकानांत खरेदी करून पाच शिक्के मिळवणाऱ्याला बक्षीस ठरलं. कार्डं छापली, शिक्के बनवले, आणि आठवडाभरात शाईचा पॅड न वापरताच वाळून गेला.

चूक कुठे झाली, ते शेवटी पार्सलवाल्याने सांगितलं. पन्नाशीचा सरळमार्गी गडी, मावशींच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाणी पीत होता. गाडी खोक्यांनी गच्च भरलेली. मावशींनी त्याला छेडलं, की बाबा, त्या खोक्यांत असं काय असतं जे आमच्याकडे नाही?

"असतं तेच," तो म्हणाला. "पण मावशी, राग मानू नका. खोकं बंद असतं."

मावशींना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. या गावात पर्स घ्यावी, तर ती कुणासाठी हे संध्याकाळपर्यंत धक्क्यावरच्या मांजरांनाही ठाऊक. म्हणून मंडळी गावाबाहेरून मागवत, आणि एकदा फोन हातात घेतला की पर्सबरोबर खेळणीही त्यातच उरकत. म्हणजे भाऊंच्या दुकानाला माशी शिंकली होती, ती मावशींच्याच तोंडातून. त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत.

सकाळी दुकानाच्या दारावर पुठ्ठा लागला: 'इथली गोष्ट इथेच राहील.' गाव फिदीफिदी हसलं. मावशींच्या नवऱ्याने तर हा पुठ्ठा तरी संध्याकाळपर्यंत राहील का, असं विचारून घेतलं.

पुठ्ठ्यावर विश्वास ठेवणारं पहिलं गिऱ्हाईक दुपारी आलं. ते नेमके खेळणीवाले भाऊ होते. त्यांनी सगळ्यांत मोठी, चाकांची बॅग मागितली. मावशींनी हौसेने कुठे दौरा, म्हणून विचारलं.

भाऊंनी आधी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. "ताई, सुट्ट्या संपल्या की दुकान बंद करतोय. बहिणीकडे जातो कायमचा. कुणाला बोलू नका. निरोपबिरोप मला जमायचा नाही."

मावशींनी मान हलवली, बॅग पुसून दिली आणि भाऊ गेल्यावर शटर अर्धं ओढून रडल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं गाव भाऊंच्या दाराशी जमलं असतं. आणि नेमका तोच शब्द बोलायचा नाही, असा शब्द त्या देऊन बसल्या होत्या. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणी गुपित सोपवलं होतं. ते मोडायचं कसं?

त्यांनी मिठाची गुळणी धरली. पण मावशींनी गप्प बसणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. भाजीबाजारात त्या न बोलता दोन जुड्या घेऊन निघाल्या, तेव्हा भाजीवालीने सुट्टे पैसे हातातच धरून ठेवले. घरी नवऱ्याने कपाळाला हात लावून ताप पाहिला. "मला काही सांगायचं नाहीये," मावशी म्हणाल्या. त्याने काही विचारलंही नव्हतं.

बेकरीवालीला मात्र राहवेना. पर्सच्या प्रकरणापासून ती मावशींना पुरती ओळखून होती. चहाच्या निमित्ताने ती दुकानात येऊन बसली आणि एकेक खडा टाकून पाहू लागली. न्हाव्याकडे सगळं ठीक? मावशींनी मान हलवली. हार्डवेअरवाल्याकडे? ठीक. खेळणीवाल्या भाऊंकडे? मावशींनी अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि उठून छत्र्या मोजायला घेतल्या. त्या छत्र्या त्यांनी तीनदा मोजल्या.

बेकरीवाली चहा तसाच टाकून बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. एकाच्या मते भाऊ आजारी होते, दुसऱ्याच्या मते दुकान बंद होणार होतं. खरं काय ते पाहायला लोक भाऊंच्या दुकानात शिरले. आत शिरून हात हलवत बाहेर कसं यायचं, म्हणून कुणी भोवरा घेतला, कुणी बदकांची गाडी. ज्यांची मुलं आता बाप झाली होती, ते माळ्यावरून चाक निखळलेली आगगाडी काढून घेऊन आले आणि दुरुस्त होईल का, म्हणून विचारू लागले. आल्यासरशी शेजारच्या दुकानातही डोकावले. दुसऱ्या दिवशी शिक्क्यांसाठी शाई आणावी लागली.

तिसऱ्या दिवशी भाऊ तडक मावशींच्या दुकानात आले. चेहरा लाल, अंगभर भुसा.

"ताई, तुम्ही सांगितलंत."

"तुमच्या गळ्याची शपथ, एक शब्द बोलले नाही."

"मग सगळं गाव माझ्याकडे का येतंय?"

"एक शब्द बोलले नाही, म्हणूनच असेल," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

भाऊ स्टूल ओढून बसले. सकाळी पोस्टातल्या बाई आल्या होत्या, म्हणाले. तुम्ही गेलात तर नातवाचा घोडा कोण बसवून देणार, म्हणून त्यांच्याशी चक्क भांडल्या.

"मला वाटलं होतं, मी गेलो तर महिनाभर कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"बहिणीला कळवलंय," भाऊ उठत म्हणाले. "चार दिवस राहून येईन. दुकान चालूच ठेवतोय. हे मात्र सांगा हं सगळ्यांना."

मावशींनी तोंड उघडलं. गेले तीन दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम घशाशी आलं, आणि बाहेर पडला तो नुसता हुंदका. पदर डोळ्यांना लावून त्या हाताने 'जा, जा' अशी खूण करत राहिल्या. भाऊ गोंधळले. शेवटी त्यांचे तेच रस्त्यावर उतरले आणि दारोदार जाऊन, नजर जमिनीकडे ठेवून, आपण राहणार असल्याचं सांगू लागले. तीस वर्षांत त्यांना इतकं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. तासाभराने मावशींच्या दुकानासमोर ही गर्दी. सगळ्यांत पुढे बेकरीवाली.

"मावशी, भाऊ स्वतः सांगतायत की राहणार म्हणून. खरं आहे का?"

मावशींनी डोळे पुसले आणि मान डोलावली. मग गाव निश्चिंत झालं.