पश्चिमेला सरकलेली पचमढी

आण्णा जाऊन महिना होत आला होता, तेव्हा त्यांच्या जुन्या शाळेतून मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. शाळेला रंग द्यायचा होता आणि आण्णांनी भिंतीवर काढलेला मध्य प्रदेश पुसावा लागणार होता.

"त्यात अजून छत्तीसगड आतच आहे हो," बाई म्हणाल्या. "पोरं पेपरात तसंच लिहून येतात, मग पालक भांडायला येतात."

आण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरजवळ, गडमुडशिंगीच्या बाजूला एका शाळेत ते भूगोल शिकवायचे. एका वर्षी तिथल्या शिक्षकांनी ठरवलं, की प्रत्येकानं एकेका वर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर एक राज्य रंगवायचं. चिठ्ठ्या टाकल्या. पीटीच्या मास्तरांना केरळ मिळालं. त्यांनी चार नारळ काढून वेळ मारून नेली. आण्णांना मध्य प्रदेश निघाला. घरी आले ते तोंड पाडूनच.

"समुद्र न्हाय, परदेशाची हद्द न्हाय. मधोमध नुसतं बसलंय," ते आईला म्हणाले.

आई भाकरी थापत होती. "मग तुमच्यासारखंच हाय की," ती म्हणाली.

दोन दिवस त्यांनी नकाशाचं पुस्तक उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, ते पुढं कित्येक महिने मिटलं नाही. पुण्यापलीकडे कधी न गेलेला हा माणूस जेवताना माळव्याच्या काळ्या मातीबद्दल अशा थाटात बोलायचा, की जणू सकाळच्याच गाडीनं तिथून आलाय. "सात राज्यांचा शेजार सांभाळतंय," ते म्हणायचे, "आपल्याला वरच्या मजल्यावरचे एक झेपंनात." नर्मदेवर तर त्यांचा विशेष जीव. आमची पंचगंगा पूर्वेला जाते. विंध्य आणि सातपुड्याच्या मधून एवढी मोठी नदी खुशाल उलटी, पश्चिमेला निघते, याचं त्यांना कौतुक वाटे. भिंतीच्या तळाशी त्यांनी एक बाण काढून 'कोल्हापूर इकडे' असंही लिहून ठेवलं होतं.

राज्याची वाटणी झाली तोवर ते निवृत्त झाले होते. शेजार सातावरून पाचावर आला. "उजवी बाजू दुसऱ्या रंगानं भरायला पायजे," असं दर उन्हाळ्यात म्हणत राहिले, आणि ते राहूनच गेलं.

मी बाईंना विचारलं, की मधे रेघ मारून छत्तीसगड वेगळं केलं तर चालेल का?

त्यांनी विचार केला. "चालेल. पण बाकी सगळं बरोबर आहे का, ते तुम्ही तपासून द्या. एक जरी चूक निघाली, तर पांढरा मारलेला बरा. मला पुन्हा तक्रारी नकोत."

मी ग्रंथालयात नोकरी करतो, तेव्हा हे काम माझ्या हातातलंच होतं. त्या महिन्यात एकही पुस्तक दहा पानांपुढं गेलं नव्हतं. बाईंनी पाठवलेले भिंतीचे फोटो मात्र मला वाचता आले. रोज संध्याकाळी थोडं थोडं तपासलं. चंबळ, बेतवा, केन उत्तरेला यमुनेकडे जाणाऱ्या. शोण त्यांच्या पूर्वेला. तापी मुलताईपासून. मधून जाणारं कर्कवृत्त. पन्नाचे हिरे. सगळं जागच्या जागी. दवाखान्याच्या कागदावर शेवटी त्यांचं अक्षर थरथरलं होतं. इथं ते ठाम होतं. एकेका नावापाशी मी गरजेपेक्षा जास्त थांबलो.

मग पचमढी आली. ती नर्मदेच्या दक्षिणेला, सातपुड्यात, राज्याच्या साधारण मध्यावर हवी. आण्णांनी ती पार पश्चिमेला, गुजरातच्या कडेला नेऊन ठेवली होती. महिन्याभरात पहिल्यांदा मला हसू आलं. कोल्हापूरच्या माणसाला डोंगर म्हणजे पश्चिम. पन्हाळा तिकडे, गगनबावडा तिकडे. थंड हवेचं ठिकाण दुसऱ्या दिशेला असेल, हे त्यांच्या मनातच आलं नसणार. पुस्तकात पाहायची त्यांना गरजच वाटली नसेल.

हसू ओसरलं तेव्हा बाईंची अट आठवली. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवस गप्प बसलोही. पण नदी बोटभर सरकली म्हणून माझेसुद्धा मार्क कापणारा माणूस तो. त्यांची चूक झाकून त्यांची भिंत वाचवणं मला जमेना.

शाळेत गेलो तेव्हा उचगावचे पेंटर चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशीच उभे होते. मी बाईंना पचमढी दाखवली.

"इतकी वर्षं हे कुणी बघितलं नाही?" बाई म्हणाल्या.

"बघितलं असेल. सरांना कोण सांगणार?"

त्या थोड्या हसल्या. "मग आता तुम्हीच नीट करा. तुमच्या हातानं. कुणी विचारलं तर तुमचं नाव सांगते."

पेंटरांनी छत्तीसगड केशरी रंगानं झरझर भरून टाकलं. मी जुन्या पचमढीवर रंग लावला. खालचं काळं अक्षर वर येत राहिलं, तीन हात द्यावे लागले. मग नर्मदेखाली जागा मोजून ठिपका दिला आणि नाव लिहिलं.

पेंटर मागं येऊन उभे राहिले. "पावणं, अक्षर जुळंना की. येगळंच दिसतंय."

"नाहीच जुळत."

"मी लिवू का सरांच्यासारखं? बोर्डाचं कामच हाय माझं."

"नको, राहू दे."

बाईंनी चष्मा लावून नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. नव्या पचमढीपाशी जरा वाकल्या. मग वळून पेंटरांना म्हणाल्या, "ही भिंत सोडा. बादली तिकडं सातवीच्या वर्गाकडं घ्या."