चौऱ्याऐंशी मिशा

एकच काम दुसऱ्यांदा स्वतःच्या हातानं करायचं नाही, असं ठरवून जन्माला आलेला माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पूर्णा स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कीबोर्डवर माझ्या मेहुणीच्या टिकल्या चिकटवलेल्या दिसतील. मरून टिकलीचं बटण दाबलं की फोटोची मागची बाजू निळी होते, हिरवीचं दाबलं की गिऱ्हाइकाच्या अंगात कोट येतो, चमकीवालीचं दाबलं की उन्हात रापलेला चेहरा उजळतो. कामाच्या पायऱ्या साडू एकदाच, एका फोटोवर करून दाखवतात. संगणक त्या टिपून घेतो आणि मग शंभर फोटो आले तरी आपला आपण त्याच क्रमानं करत बसतो. ही विद्या त्यांनी घरातही नेली. चहा दिवसातून एकदाच होतो आणि थर्मासात राहतो. दारात कुणीही आलं की "या, बसा, घरचे बरे हायत का, मान सरळ, हनुवटी खाली" हे एका दमात म्हणतात. मग तो फोटोला आलेला असो की लग्नाची पत्रिका द्यायला. पोखर्णीच्या नरसिंहाला वर्षाचे सगळे नवस एकाच खेपेत बोलून येतात. एवढा वाचवलेला वेळ जातो कुठं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जमा व्हायलाय, सर. लागल तवा काढू."

मी गावातल्याच एका शाळेत मास्तर. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म संगणकावर भरायचं काम माझ्या गळ्यात असतं, आणि पोरांचे फोटो साडूंच्या. त्या वर्षी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी चौऱ्याऐंशी पोरंपोरी एकाच स्टुलावर, एकाच खुणेवर बसवून टिपली. सगळ्यांची नाकं एका रेषेत. ओळखपत्रासाठी माझाही एक फोटो काढला, तो पहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फोटोवर ते पायऱ्या टिपायला बसले आणि गाडीची वेळ झाली. आम्हा दोघांच्या सामाईक सासूबाईंना गंगाखेडच्या गाडीत बसवायचं होतं. जाताना बजावून गेले, "सर, लाल ठिपका चालू हाय. म्हंजी संगणक समदं टिपायलाय. कशाला हात लावू नका."

मी लावला. पडद्यावर माझा चेहरा परातीएवढा दिसत होता आणि मिशी पांढरीशुभ्र. घरच्या आरशात ती एवढी पांढरी दिसत नाही. आरसा घरचा असतो. ब्रश समोरच होता. दोन फटकारे इकडून, दोन तिकडून, मिशी काळीभोर झाली. मग टोकं जराशी वरही वळवली. साडू परतले तेव्हा मी पेपर वाचत होतो. त्यांनी पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही, कारण बघत बसण्यात वेळ जातो. ठिपका बंद केला, एका रिकाम्या बटणावर नवी टिकली लावली आणि दाबली. जुन्या फोटोच्या जागीच नवा बसायचा आणि कॅमेऱ्याचं कार्डही आपोआप पुसलं जायचं, अशी त्यांची व्यवस्था.

सगळे फोटो तयार होऊन शाळेत गेले आणि अकरा वाजता तिथून मोठ्या बाईंचा फोन आला. "सर, आपल्या पोरींना मिशा कधी फुटल्या?"

पाठोपाठ बाई स्वतः आल्या. पाचला फॉर्म बंद होणार होते. फोटो नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर पोरांचं वर्ष गेलं. परत बोलवावं तर कालच सुट्टी लागलेली, निम्मा वर्ग गावोगावी कापूस वेचायला गेलेला. पुढच्या वर्षी काम परभणीला देऊ, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. साडू उठून उभे राहिले. "चूक माझी हाय, बाई. ठिपका बंद करायचा राहिला." मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. त्या महिन्यातले सगळे सणवार मला अजून पाठ आहेत.

मिशा उतरवायची टिकली नव्हती, कारण प्रत्येक ओठ वेगळा. साडू एकेक चेहरा मोठा करून हातानं मिशा पुसत बसले. मधूनमधून मला विचारायचे, हिला तीळ डावीकडं की उजवीकडं, ह्याच्या ओठावरची खूण पडल्याची की जन्माची. तीन वर्षं शिकवलेली पोरं, पण मला त्यांचे हजेरी क्रमांकच आठवायचे. साडूंनी मात्र प्रत्येकाची हनुवटी बोटानं खाली केली होती. थोडं थांबून त्यांचं त्यांनाच आठवायचं. एका पोराची मिशी खरीच, कोवळी, नुकती आलेली. ती जपून ठेवायला त्यांनी दहा मिनिटं घातली. पावणेपाचला शेवटचा फोटो गेला.

या वर्षीपासून पोरं घरूनच मोबाईलवर फोटो काढून पाठवतात. काम परभणीला गेलं नाही आणि साडूंकडंही राहिलं नाही. एकसारखे शंभर फोटो आता कुणाचेच येत नाहीत. टिकल्यांचा गोंद सुकून त्या गळायला लागल्यात. गेल्या आठवड्यात मी कबुली द्यायचं ठरवून गेलो. ते रस्त्याकडं बघत बसले होते. मी सुरुवात करायच्या आतच त्यांनी संगणकात माझा फोटो उघडला. टोकं वर वळवलेली काळीभोर मिशी.

"पैली फाईल तुमचीच व्हती, सर. तवाच कळलं."

मग बाईंसमोर बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तुमाला रोज त्याच शाळंत जायचं असतंय," ते म्हणाले. "ही एक तशीच ठिवली. लय शोभायलीय."

मग ते आत गेले. थर्मास टेबलावरच होता, भरलेला. आतून स्टो पेटवल्याचा आवाज आला. साडूंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा ठेवला होता.